हिरव्या आठवड्यातला पिवळा डबा

सव्वातीनला ग्लेनच्या एकदम लक्षात आलं. काल स्वयंपाकघर आवरताना आपण फेकलेला आइस्क्रीमचा टब रिकामा नव्हता. पावाच्या पिशव्यांना असतात त्या प्लास्टिकच्या क्लिपा त्याच्या लेकीने, इमोजेनने, त्यात चार वर्षं जमवल्या होत्या. उद्या ती त्या वर्गाला दाखवून चार शब्द बोलणार होती. नऊ वर्षांची ही स्वमग्न पोर आजवर वर्गासमोर अवाक्षर बोलली नव्हती. आणि तिची बस साडेतीनला यायची.

टब गेला होता पुनर्वापराच्या कचऱ्याच्या, पिवळ्या झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा त्याने कालच संध्याकाळी रस्त्याकडेला लावला होता. कचरागाडी एका आठवड्यात पिवळा उचलते, दुसऱ्यात पालापाचोळ्याचा हिरवा. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या त्या गल्लीत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. पहिला डबा ज्या रंगाचा निघेल, त्याची री सगळे ओढतात.

तो बाहेर आला तेव्हा कचरागाडी कोपऱ्यावर वळत होती. एकाच पायात चप्पल घालून धावत त्याने ती गाठली.

"पिवळा पुढच्या आठवड्यात," ड्रायव्हरबाई म्हणाली. "आज हिरवे उचलले. तुमची गल्ली कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागली."

घरी येऊन बघतो तर पिवळा डबा गॅरेजपाशी, काठोकाठ भरलेला. आत कुणी आणला याचा विचार करायला वेळ नव्हता. टब तळाशी होता. ग्लेन वाकला, अजून वाकला, टब हाती लागला आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले. तेवढ्यात बस थांबल्याचा आवाज आला.

"बाबा, तू आत का आहेस?"

ग्लेनने आतूनच गुन्हा कबूल केला आणि आता रडारड होणार म्हणून डोळे मिटले.

"तुझ्या दोन चुका झाल्या," इमोजेन म्हणाली. "टब टाकलास, आणि हिरव्या आठवड्यात पिवळा काढलास. तुझं बघून अकरा घरांनी काढला. सकाळी मी सगळे बदलले." तिने डब्यात डोकावलं. "आत आवाज घुमतो का?"

घुमत होता. तिने त्याला तीनदा ओरडायला लावलं आणि प्रत्येक वेळी वहीत टिपून घेतलं. लेकीचं त्याला इतकं कौतुक वाटलं की आपण उलटे आहोत हेही तो विसरला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंचा फोन आला. इमोजेन वर्गासमोर चक्क बारा मिनिटं बोलली होती. क्लिपा मुलांना आवडल्या का, असं ग्लेनने विचारलं.

"टब तिने उघडलाच नाही, वही उघडली," बाई म्हणाल्या. "सोमवारी मुलांना प्रयोग बघायचाय. डबा शाळेचा आहे, तुम्ही फक्त या."