हत्तीगवतात हरवलेले दोघे

"रोस्विता, तुझ्या नवऱ्याला सांग, माझी मेंढी त्याच्या जंगलात शिरलीय."

लोथार दारात उभा होता. तिचा नवरा एगॉन त्याच्यापासून दोन हातांवर कॉफी पीत बसला होता.

"रोस्विता, त्याला सांग, ते जंगल नाही, पीक आहे."

"पीक पोटात जातं म्हणावं. हे चुलीत जातं."

रोस्विताने कपाळाला हात लावला. गेली तीन वर्षं ती या दोघांची टपालपेटी झाली होती. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गची वाळूची जमीन आधीच कंजूष, त्यात पाऊस दर उन्हाळ्यात तोंड फिरवू लागला. तेव्हा एगॉनने बापजाद्यांची राय, म्हणजे पावाचं धान्य, सोडून हत्तीगवत लावलं. ते कापून बॉयलरमध्ये जाळतात. ते तरारलं, दोन पुरुष उंच झालं आणि रोस्विताच्या खिडकीतून दिसणारा चर्चचा मनोराही त्याने गिळला. "बापाच्या जमिनीत सरपण पेरलं," असं लोथार भर पारावर, म्हणजे गावच्या बिअरच्या दुकानात, म्हणाला. पहिलीच्या वर्गापासूनची दोस्ती त्या एका वाक्यावर मोडली. लोथारची बायको गेल्यापासून त्याचं रविवारचं जेवण याच घरी असे. तेही बंद झालं.

"जा दोघं, आणा ती मेंढी," रोस्विता म्हणाली. "मला निरोप द्यायला सांगू नका. मेंढीला माझी भाषा कळत नाही."

दोघं गवतात शिरले. थोड्याच वेळात मेंढी दुसऱ्या बाजूने निवांत बाहेर आली आणि रोस्विताच्या घेवड्याच्या वेलाला लागली.

"अरे, मेंढी सापडली! या बाहेर!"

"आलो!" एगॉन आतून ओरडला. पण आवाज डावीकडून आला. मग उजवीकडून. मग बराच लांबून.

"इकडे वळ," एगॉनचा आवाज. "माझं शेत आहे, मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर तिसऱ्यांदा याच बांबूपाशी कसे आलो?"

"तो बांबू नाही!"

एकाने डावीकडे म्हणायचं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि भांडून भांडून दोघांनी गोल फिरायचं. रोस्विताने एगॉनला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला. मग आतले आवाजच बंद झाले. ऊन असं की पाखरंसुद्धा गप्प होती. दोघं सत्तरीच्या पुढचे, आणि लोथारचं हृदय तर आधीच दुरुस्त केलेलं. तिने फायर ब्रिगेडला बोलावलं.

ब्रिगेड म्हणजे बेकरीवाली जुटा आणि गावातले तिघेजण. ते सायरन वाजवत आले. सायरनला बिचकून मेंढी पुन्हा गवतात घुसली.

"आता शोधायचे तिघं झाले," जुटा म्हणाली आणि तिने गाडीवरची शिडी उभी केली. "मी चढते, काकू."

"तू थांब. माझा नवरा आहे, मीच बघते."

गुडघ्यांची कुरकुर न ऐकता रोस्विता वर चढली. गाडीपासून दहा पावलांवर, गवताच्या सावलीत, दोन टोप्या शेजारी शेजारी टेकल्या होत्या. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोथार बोलू लागला.

"यंदाही माझी राय गुडघ्याला लागली नाही रे. माझाच हट्ट. तूच बरोबर होतास."

"कसला बरोबर, गड्या." एगॉन म्हणाला. "रोज सकाळी हे हिरवं बघतो आणि वाटतं, बापाला काय तोंड दाखवू? याचा पाव होत नाही."

"पण घरं उबदार होतात."

"होतात. आपल्या शाळेतही हेच जळतं."

"मग तुझा म्हातारा रागावला असता, पण हात शेकायला आला असता."

दोघं हसले. लोथारने खिशातून सफरचंद काढून चाकूने कापलं आणि मोठी फोड एगॉनला दिली.

"काकू, दिसले का?" खालून जुटा ओरडली.

रोस्विताने पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे टिपले.

"नाही गं. फार दाट आहे. तुम्ही आत जाऊन आधी कॉफी घ्या, केकही आहे."

ब्रिगेड घरात गेली. मग गवतातून लोथारची कुजबूज आली, "एगॉन, वर शिडीवर कोणीतरी आहे."

"खाली बघ आणि खा," एगॉन पुटपुटला. "आपण तिला अजून दिसलेलो नाही."