काटेवाले साळवेमामा

महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी साळवेमामा आमच्या विमानातलं उंचीचं घड्याळ काढायचे, ते स्वच्छ पंच्यात गुंडाळायचे आणि मांडीवर घेऊन आगगाडीने नगरला जायचे.

त्याला घड्याळ म्हणायचं ते दिसण्यावरून. काळी तबकडी, पांढरे आकडे, फिरणारे काटे. पण ते वेळ दाखवत नाही. हवेच्या दाबावरून आपण समुद्रसपाटीपासून किती फूट वर आहोत ते दाखवतं. आणि रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनावर पिवळ्या पाटीवर, नावाच्या खाली, त्या जागेची उंची लिहिलेली असते. मामांच्या दृष्टीने सरकारने ही सोय त्यांच्यासाठीच केली होती. श्रीगोंदा रोडला गाडीत बसताना ते काटा पाटीशी जुळवून घ्यायचे आणि मग नगरपर्यंत प्रत्येक स्टेशनात खिडकीतून मान बाहेर काढून तो खरा बोलतोय की खोटा ते पाहायचे. पाटी मीटरमध्ये आणि काटा फुटांत, म्हणून गुणाकार वहीच्या मागच्या पानावर.

एकदा समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाव्हनं, किती वाजलं?"

मामा तबकडीकडे बघून म्हणाले, "दोन हजार चाळीस."

 पुढचं स्टेशन येताच म्हाताऱ्याने जागा बदलली.

मी त्या वेळी श्रीगोंद्याच्या बाजूला एका खाजगी साखर कारखान्यात पायलट होतो. साखर कारखान्यात पायलट म्हटलं की लोक अजूनही हसतात. मालकांना मुंबईच्या खेपा मोटारीने करून कंटाळा आला होता आणि त्याच सुमाराला त्यांना एक जुनं, चार जणांचं, एका इंजिनाचं विमान विकत मिळालं, एवढंच कारण. उसाच्या फडांमध्ये मुरमाची धावपट्टी झाली, कडेला पत्र्याची शेड उभी राहिली आणि पुण्यात उडायला शिकून नोकरी शोधत फिरणाऱ्या मला त्यांनी बोलावून घेतलं. माझ्या मागोमाग महिन्याभरात साळवेमामा आले.

मामांचं नाव दावीद साळवे, राहणार नगरशेजारचं भिंगार. हवाई दलात वीस वर्षं त्यांनी विमानातली उपकरणं सांभाळली होती. निवृत्त होऊन घरी बसले, पण बसवेना. मग कारखान्याच्या वसाहतीत एक खोली घेऊन राहिले आणि रविवारच्या प्रार्थनेपुरते भिंगारला जाऊ लागले. शर्टाच्या खिशात दोन चष्मे, एक लांबचा आणि एक 'पेचाचा'. इंजिनाला ते हात लावत नसत. त्याला दुसरा मेकॅनिक होता. "ते लव्हाराचं काम," मामा म्हणत. कागदांवर सही करायला मुंबईहून परवान्याचे इंजिनिअर यायचे. ते मामांची वही वाचायचे, चहा प्यायचे आणि सही करून जायचे.

कारखान्यात त्यांना सगळे 'काटेवाले मामा' म्हणत आणि त्यातून घोटाळे होत. साखर कारखान्यात काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा. काटेवाले कोण, अशी चौकशी करत एक शेतकरी थेट शेडवर आला आणि भांडायलाच लागला. "आमच्या गाडीला काटा मारला तुमी. घरून मोजून आनली हुती."

मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला शिडीवरून विमानात चढवलं, पायलटच्या जागेवर बसवलं आणि एकेक तबकडी समजावून सांगितली. हा वेगाचा, हा उंचीचा, हा तेलाच्या दाबाचा. "ह्यातला एक बी काटा कुनाला मारत न्हाई," ते म्हणाले. "मारला तर आमच्या सायबाला मारील." साहेब म्हणजे मी.

मामांचा राग एकदाच पाहिला. विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते. उडताना तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून वेगाचा काटा हलतो. कुंभारीण माशीला ती नळी घरटं करायला फार आवडते, म्हणून मामांनी तिला लाल मांजरपाटाची टोपी शिवली होती. मालकांच्या एका पाहुण्याने ती टोपी काढली आणि गंमत म्हणून नळीत जोरात फुंकर मारली. काटा एका झटक्यात तबकडीच्या टोकाला जाऊन आपटला. मामा पाहुण्याला काहीच बोलले नाहीत. मालकांशी मात्र आठ दिवस बोलले नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मालकांनी परदेशातून एक नवीन यंत्र मागवलं. त्याचं नाव कृत्रिम क्षितिज. काचेमागे एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे चिमुकलं विमान. आत एक भोवरा वाऱ्याच्या जोरावर फिरत असतो. बाहेर ढग असो, धुकं असो, आपण कुठे कललो आहोत ते ही रेघ सांगते. आमच्या जुन्या विमानात असलं काही नव्हतं आणि पुढच्या पत्र्यात त्याला जागाही नव्हती. मामांनी सगळ्या तबकड्यांचा पुठ्ठ्याचा नमुना कापला, खोलीच्या भिंतीला टांगला आणि पंधरा दिवस जेवताना त्याच्याकडे बघत राहिले. कुठला काटा सरकवला तर माझी नजर कमीत कमी फिरेल, एवढाच विचार. मग एका सकाळी येऊन त्यांनी पत्र्याला भोक पाडलं. यंत्र असं बसलं की जणू विमान त्याच्यासकट जन्माला आलं होतं.

यंत्र बसलं तरी मामांचं समाधान होईना. ते मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथल्या फिरत्या स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकसारखं गोल फिरवलं. साखरेचे नमुने तपासणारे केमिस्ट काम सोडून बघत उभे राहिले.

"आता कुठं चाललाय?" थोड्या वेळाने मामांनी विचारलं.

"उलट्या बाजूला फिरतोय," मी ठामपणे सांगितलं.

टॉवेल काढला तर स्टूल जागच्या जागी थांबलेलं आणि केमिस्ट हसतायत.

"बघितलं का, सायेब?" मामा म्हणाले. "पोट काय म्हनतं ते ढगात ऐकू नका. पोटाला डोळं न्हाईत."

सप्टेंबरात मालकांना मुंबईला एका महत्त्वाच्या बैठकीला जायचं होतं. सकाळी मी इंजिन सुरू केलं. मामा उड्डाणाआधी नेहमीप्रमाणे शेजारच्या जागेवर बसून काट्यांकडे बघत होते. ते म्हणाले, "बंद करा." नवीन यंत्रातली रेघ सरळ व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होती. मला काही फरक दिसला नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि मामा पेचाचा चष्मा लावून यंत्र काढायला बसले.

मालक गाडीतून उतरले. "साळवे, त्या यंत्राशिवाय इतकी वर्षं विमान उडत होतंच ना?"

"व्हय."

"मग आज का नाही?"

"तवा सायबाला ठावं हुतं की ते न्हाई," मामा म्हणाले. "आता सायेब त्याच्याकडं बघनार. बघायला ठेवायचं आन् ते खोटं बोलनार, हे माज्याकडून व्हायचं न्हाई."

मालक फार बोलले, तालेवार माणूस होता. बैठक हुकली तर काय होईल तेही सांगितलं. मामा मान खाली घालून पेच काढत राहिले. दुपारपर्यंत दोष सापडला. भोवऱ्याला वारा देणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक गाळणी असते, ती उसाच्या चिपाडाच्या बारीक भुशाने बुजली होती. ढिगावरून वारा आमच्या शेडकडेच यायचा. मामांनी गाळणी बदलली, नळी साफ केली आणि संध्याकाळपर्यंत चारदा इंजिन लावून तपासलं.

बैठक हुकली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुंबईला गेलो आणि दुपारी परत निघालो. घाटावर ढगांमध्ये एक मोकळी वाट दिसत होती, तिच्यात मी शिरलो. अर्ध्यात गेल्यावर ती पुढूनही मिटली आणि मागूनही. काचेबाहेर नुसतं पांढरं. खाली डोंगर आहेत एवढं माहीत होतं.

मला अगदी खात्रीने वाटत होतं की विमान सरळ चाललंय. रेघ सांगत होती की आपण डावीकडे कललोय, आणि जास्त जास्त कलतोय. मी रेघेप्रमाणे विमान सरळ केलं, तर सगळं अंग ओरडायला लागलं की आता तू उजवीकडे पडतोयस. हात आपोआप उलट फिरायला बघत होते. ते स्टूल आणि हसणारे केमिस्ट मला आठवले. मी त्या चिमुकल्या विमानावरून नजर काढली नाही. शेजारी मालक दोन्ही हातांनी आपलेच गुडघे धरून बसले होते. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग एकदम खाली हिरवं दिसलं आणि आमचे पंख जमिनीला अगदी समांतर होते.

उतरल्यावर मी इंजिन बंद केलं. मालक खाली उतरून पंखापाशी उभे राहिले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "साळवे कुठायत?" मामा शेडमध्ये नव्हते. "तुम्ही आज काही बांधू नका, लिहू नका," मालक मला म्हणाले. "घरी जा." ते बंगल्यापाशी उतरले आणि जीपने मला वसाहतीत आणून सोडलं.

आमच्या फाटकाशी सायकलला टेकून मामा उभे होते. त्यांनी दोनदा घंटी वाजवली आणि दाराकडे बघत, फार मोठ्याने नाही, म्हणाले, "ताई, उतरलं."

आतून स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, सुमनचा, आवाज आला. "बरं."

मामांनी सायकल वळवली आणि मी दिसलो.

"मामा, तुम्ही इथे?"

"काय न्हाई. वाटंतच हाय." त्यांची खोली वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

सुमन ओले हात पुसत बाहेर आली. "नेहमीच येतात की. तुम्ही उतरलात की येऊन सांगून जातात. तुम्ही तासाभराने येता, तोवर माझा जीव कुठे असतो? तुम्हाला माहीतच नाही?"

मला माहीत नव्हतं. विमान बांधून, पेट्रोल भरून, वह्या लिहून मी घरी यायचो. मामा जेवायला गेले असतील असं समजायचो.

मामा सायकलचं हँडल पुसत राहिले. "काटा कसा हुता आज?"

"खरा होता," मी म्हणालो.  ढगाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. मामांनी सगळं ऐकलं आणि नुसती मान हलवली. मग आपणहून बोलायला लागले. बोलले सुमनकडे बघून.

"नोकरीत हुतो तवा आमची मार्था अशीच खिडकीत हुबी ऱ्हायाची. तिला म्हनायचो, अगं मी उडत न्हाई, मी खाली बसून पेच फिरवतो. तिला पटायचं न्हाई. इमानाचा आवाज आला की खिडकीत. घरी गेलो की 'आलो' म्हनायचं, तवा ती 'बरं' म्हनायची आन् ताट वाढायची. लई हसायचो मी तिला." त्यांनी हँडल पुन्हा पुसलं. "जाऊन चार वर्सं झाली तिला. आता खोलीवर जाऊन कुनाला सांगनार? हितं सांगितलं की ताई आतून 'बरं' म्हनतात. तेवढं ऐकलं, मग जेवन जातं."

मी काही म्हणायच्या आत सुमन आत गेली. भांड्यांचा आवाज झाला.

"मामा," ती आतूनच म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. तीन पानं वाढलीत."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग सायकल भिंतीला लावली.

"बरं," ते म्हणाले.