तांबडी गाय खरी कशावरून?

"गोदे, ही फणसपोळी खरी कशावरून?" काशीरामने विचारले.

गोदाने हातातले ताट उन्हात चटईवर बाकीच्या ताटांशेजारी ठेवले आणि नवऱ्याकडे असे पाहिले, की तो भास असता तर जागीच विरला असता. बोलता येत नव्हते. सोमवारी दिवेलागणीपर्यंत तिचे मौन असे.

मुंबईची लेक विमला पहिलटकरीण. डोहाळे लागले ते फणसपोळीचेच. उद्या पावसाळ्याआधीची शेवटची बोट. दगडी गडग्यापलीकडचा शेजारी हमीद तिच्यावर खलाशी, तो पुडके नेणार होता. मग गणपती होईपर्यंत बोट नाही. गोदाने नवऱ्याच्या हातात काठी दिली, गुरे हाकायची खूण केली आणि ती विहिरीवर गेली.

देवळातली प्रवचने ऐकल्यापासून काशीरामला काहीच खरे वाटेनासे झाले होते. हे जग कुणाचे तरी स्वप्न असेल तर त्यातून आपण जागे कसे होणार, या विचारात तो असतानाच शेजारची तांबडी गाय अंगणात शिरली. त्याने काठी उचलली. मग थांबला. गाय खरी कशावरून? आणि काठी तरी?

गायीला असल्या शंका नव्हत्या.

विहिरीवरून गोदाने ते पाहिले. ओरडावे तर व्रत मोडते! तिने टाळ्या वाजवल्या, कळशी बडवली, दोन्ही हात आभाळाकडे फेकले. हिलाही प्रचीती आली असे वाटून काशीरामने भक्तिभावाने हात जोडले.

"अवो काशीरामदादा, गाय पोळी खातेय नि तुम्ही नमस्कार कसले करताय?" हमीद गडगा ओलांडून धावला. तोवर शेवटचे ताट चाटून लख्ख झाले होते.

"कसली गाय नि कसली पोळी, हमीद? सगळा भास."

"नि वैनीचा राग?"

काशीरामने गोदाचा चेहरा पाहिला आणि तो हमीदच्या आड सरकला.

दिवसभर घरात भांडी तेवढी बोलत होती. दिवेलागण झाली तसा काशीराम अंग चोरून बसला. गोदाने तुळशीला नमस्कार केला आणि ती अगदी हळू म्हणाली, "परसातला अख्खा फणस काढलाय. विमलीला गरे तरी मिळूदेत."

"एवढं धूड हमीद नेईल?"

"हमीदला बोटीवर कामं असतात. तुम्ही न्यायचात."

काशीराम पांढरा पडला. भाट्याची खाडी होडीने ओलांडली तरी त्याला उलटी होई. "अगो, पण समुद्र..."

"समुद्र खरा कशावरून?"

सकाळी उतारूंना घेऊन पडाव खोल पाण्यात उभ्या बोटीकडे निघाला. पहिल्याच लाटेला काशीरामने मांडीवरच्या फणसाला मिठी मारली. काटे छातीत रुतले. तसा किनाऱ्याकडे वळून त्याने दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

"गोदे, खरं आहे गो! सगळं खरं आहे!"

गोदाने भक्तिभावाने हात जोडले.