पोपटी पाण्याचा पत्ता

पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे या अख्ख्या तोरो मुलखात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! उगाच फुशारकी मारत नाही. मी सरकारी पाणी खात्यात भूजलाचा माणूस. विहिरीत दोरी सोडायची, तलावांचा तळ मोजायचा, पावसाळ्यात कुठली दरड कोसळणार ते आधी सांगायचं, ही माझी रोजची कामं. आता मागच्या वर्षी मी धोकादायक ठरवलेली दरड अजून जागच्या जागी आहे आणि सुरक्षित ठरवलेली माझ्याच मोटारसायकलवर येऊन बसली, ही गोष्ट वेगळी. दरडींना अक्कल नसते. पाण्याचं तसं नाही.

तर एवढ्या ज्ञानी माणसाला कोणीही डोळे झाकून मुलगी देईल की नाही? द्यायला हवी! पण काबासिंगुझीच्या वडिलांनी डोळे चांगले उघडे ठेवले होते. काबासिंगुझी शेजारच्या न्यामिरिमा गावात शाळेत गणित शिकवते. तिचे वडील अराली तिथल्या पाणी समितीचे अध्यक्ष. टेकडीच्या एका अंगाला त्यांचं न्यामिरिमा, दुसऱ्या अंगाला आमचं क्याकातोमा, आणि वर माथ्यावर नवा बाजार भरणार होता. बाजार आला की माणसं आली, माणसं आली की संडास आले. आणि ते संडास नेमके कुठं बांधणार? तर जिथं डोंगरातला ओढा एका बिळात शिरून गडप होतो, त्याच्या काठाला!

मी मुलगी मागायला गेलो, तर अरालींनी पहिला प्रश्न टाकला, "त्या बिळातलं पाणी कुठं निघतं?"

"तुमच्या झऱ्यात," मी ताडकन सांगितलं.

"कशावरून?"

"उतार सगळा तुमच्याकडे आहे, बाबा. आमच्या बाजूला मधे कातळ आडवा आहे. पाणी काय कातळ फोडत बसणार?"

"नुसतं तोंडानं नको, दाखवून दे. माझ्या झऱ्यात बाजाराची घाण येणार असेल तर मला भांडायला पुरावा पाहिजे. मागणीच्या दिवशी उत्तर घेऊन ये. मग मुलीचं बोलू."

हात्तिच्या! एवढंच ना? यासाठी आमच्याकडे एक पूड असते. डबीत शेंदरी दिसते, पाण्यात पडली की झगझगीत पोपटी होते. निरुपद्रवी, पोटात गेली तरी काही होत नाही. इकडे बिळात टाकायची आणि तिकडे कुठल्या झऱ्यात रंग निघतो ते बघायचं. रंग डोळ्यांना दिसण्याइतका नसेल, तर झऱ्यात कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवायच्या. कोळसा तो रंग धरून ठेवतो.

बिळाशी मी आणि आमच्या खात्याचा ड्रायव्हर रुसोके, दोघं गेलो. खरं तर थोडीशी पूड पुरली असती. मी अख्खी डबी ओतली. होणाऱ्या सासऱ्यांना नीट दिसायला नको का!

"अमूटी," रुसोके म्हणाला, "एक पुरचुंडी तुमच्या गावच्या झऱ्यातही बांधू या का?"

"कशाला? तिकडे पाणी जाणं शक्यच नाही."

"नसेना का! बांधायला काय जातंय?"

"रुसोके, तू गाडी चालव."

सगळ्या पुरचुंड्या मी न्यामिरिमाच्या झऱ्यात बांधल्या. दुसऱ्याच दिवशी काबासिंगुझीच्या आत्याला त्या सापडल्या. काळ्या फडक्यात काळा कोळसा आणि वर लाल दोरा! (घरात तेवढाच होता हो.) आत्यानं झऱ्यावरच बसकण मारली आणि असा टाहो फोडला की गाव गोळा झालं.

"करणी! मुलगी देत नाहीत म्हणून मेल्यानं झऱ्यावर करणी केली!"

मला बोलावून घेतलं. मी कोळशाचं शास्त्र समजावत होतो आणि बाया एकेक पाऊल मागे सरकत होत्या. शेवटी अराली आले. त्यांनी पुरचुंडी हुंगली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "करणी करायला डोकं लागतं. बांध रे तुझं गाठोडं परत."

त्या गर्दीत माझी बाजू घेणारे ते एकटेच निघाले. मला बरंच वाटलं.

पण रंग काही निघेना! मी रोज उठून न्यामिरिमाला जायचो, झऱ्यात डोकावायचो. पाणी आरशासारखं स्वच्छ. पुरचुंड्या तपासल्या, कोळसा कोरा. आत्या कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय, आली का तुझी हिरवी वरात?" काबासिंगुझी हळूच म्हणायची, "अमूटी, गणित परत एकदा मांडून बघशील का?" मी म्हणायचो, "गणित बरोबर आहे, पाणी चुकतंय!"

इकडे मागणीचा दिवस जवळ आला. दारू मुलाकडून न्यायची असते, आणि माझ्या काकांसारखी केळ्याची दारू पंचक्रोशीत कोणी करत नाही. पिकली केळी पायांनी तुडवायची, गवतातून रस गाळायचा, पाणी घालायचं, वर भाजलेली ज्वारी टाकायची आणि लाकडाच्या डोणीत आंबत ठेवायची.

"अमूटी, तू पाण्यातला ना? मग सांग, पाणी कुठलं घेऊ?" काकांनी विचारलं.

"आपल्याच झऱ्याचं! सध्या त्याच्याइतकं भरवशाचं पाणी दुसरं नाही. मी सही करून देतो!"

काकांनी उजाडायच्या आत पाणी भरलं आणि डोण केळीच्या दाट बागेत झाकून ठेवली.

मागणीच्या दिवशी आम्ही दारूचे घडे घेऊन न्यामिरिमाला पोचलो. आमच्या घराण्यात नवऱ्या मुलानं त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही, अशी रीत आहे. पहिला घडा मुलीच्या बापानं आणि त्याच्या वडीलधाऱ्या मंडळींनी रिकामा करायचा. मी चटईवर खाली मान घालून बसलो. आमच्याकडून काका बोलले, गोड बोलले. मग अरालींनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"अमूटी, पाणी कुठं निघालं?"

"बाबा, ते... म्हणजे... अजून वाटेत आहे."

"असं होय? मग मुलगीही अजून वाटेत आहे."

जो हशा उसळला म्हणता! पडद्याआड बायका हसल्या, आत्या तर खोकेपर्यंत हसली. त्यात काबासिंगुझीचंही हसू होतं, मला ओळखू आलं. अरालींनी पेला तोंडाला लावला, मिटक्या मारल्या आणि काकांकडे वळून म्हणाले, "तुमच्या घराला पाण्यातलं कळत नाही, पण दारूतलं कळतं हो!" मग त्यांनी दुसरा घडा मागवला. आमचे काका, आमची मंडळी आणि रुसोके यांनी उरलेल्या घड्यांचा समाचार घेतला. सगळ्यांचं पोट भरलं, मी मात्र हात हलवत परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तोंड धूत होतो, तर केळीमागून काका खुणावताना दिसले. चेहरा पांढराफटक.

"अमूटी, कोणाला सांगू नकोस. मी आता काही दिवसांचा सोबती."

"काका! काय झालं?"

काकांनी इकडे तिकडे बघितलं, माझ्या कानाशी आले. "सकाळी बागेत गेलो होतो... लघवीला. पोपटी!"

"पोपटी?"

"अरे, हळू बोल! चमकत होती! केळीच्या पानापेक्षा हिरवी!"

मी काही बोलणार, तेवढ्यात फाटकाशी रुसोकेची गाडी थांबली. तो खाली उतरला आणि काकांना बघून घुटमळला. "अमूटी, जरा बाजूला ये. खासगी आहे."

मंडळी, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पूड आमच्याच झऱ्यात निघाली होती, तीही रातोरात येऊन उजाडायच्या आत वाहून गेली होती! काकांनी नेमकं तेव्हाच अंधारात पाणी भरलं, आणि आंबट रसात तो रंग असाच झाकून जातो आणि अंगातून बाहेर पडताना पुन्हा उजळतो, हे तर मी स्वतः परीक्षेत लिहून आलोय. मी आनंदानं उडीच मारली. "सापडलं! पाणी सापडलं!"

"मी मरतोय आणि हा नाचतोय!" काका म्हणाले.

दोघांना समजावलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. रुसोके तर मटकन जमिनीवर बसला. "तरी मी म्हणत होतो, एक पुरचुंडी इथं बांधू या म्हणून!"

तेवढ्यात फोन वाजला. काबासिंगुझी रडत होती.

"अमूटी, बाबा सकाळी गोठ्यामागून आले ते अंथरुणावरच पडले! काय होतंय ते सांगत नाहीत. पण त्याआधी एकेका गाईला नावानं हाक मारून तिचा निरोप घेतला रे! आणि म्हणाले, त्या अमूटीला बोलाव, येत्या शनिवारी लग्न लावून टाकू, मला डोळ्यांदेखत बघू दे."

फोन ठेवला आणि दोघांना सगळं सांगितलं. रुसोके माझ्याकडे बघत होता.

"तोंड उघडू नकोस," तो म्हणाला. "उद्या-परवा रंग जाईल, म्हातारा ठणठणीत होईल, आणि तोवर शब्द दिलेला असेल! खरं सांगितलंस तर विचारेल, माझ्या पोटात रंग कोणी घातला? मग बस पुरचुंड्या बांधत!"

पटलं! अगदी मनापासून पटलं. काकांना घेऊन निघालो आणि रस्ताभर मी दुःखी चेहऱ्याचा सराव केला.

अरालींच्या खोलीत गावचे सगळे वडीलधारे भिंतीला टेकून बसले होते. एरवी ही मंडळी एकत्र आली की कान किटतात. आज कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. आत्यानं नाचणीचा गोळा आणि घोटलेली डाळ समोर ठेवली होती, अराली त्याला शिवलेही नव्हते. एवढा उंच माणूस, त्या गोधडीत केवढासा दिसत होता! काबासिंगुझी उशाशी बसून त्यांचा हात चोळत होती.

"ये, अमूटी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मुलगी दिली तुला."

"बाबा..." मी सरावातला चेहरा केला.

"एक वचन दे. मी गेल्यावर आपल्या झऱ्याकडे बघ. पाणी वाटेत आहे म्हणालास ना? येईल तेव्हा येईल. पण तिथं संडास होऊ देऊ नकोस. या गावातली पोरं तेच पाणी पितात."

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं! मंडळी, मी दगडाचा नाही. मरताना हा माणूस ना स्वतःचं बोलला, ना गाईंचं, झऱ्याचं बोलला! माझ्या तोंडातून निघून गेलं,

"बाबा, सकाळी... पोपटी झाली ना?"

अराली ताडकन उठून बसले.

"तुला कोणी सांगितलं?"

भिंतीजवळून एक म्हातारा चाचरत म्हणाला, "अराली... तुलाही?"

"म्हणजे? तुलाही?"

"अरे, मलाही!" तिसरा ओरडला. "मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही!"

"मी तर सकाळपासून शेळ्या कोणाला द्यायच्या ते ठरवतोय!"

एकच गलका! जो तो उठून आपापली हकीकत सांगायला लागला, हातवारे करून, कोणाची जास्त चमकली यावर वाद घालत. आत्या तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. काबासिंगुझी आधी माझ्यावर डोळे वटारून बघत राहिली, मग तिलाही हसू आवरेना. मी पुडीपासून डोणीपर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि डोळे मिटून उभा राहिलो.

डोळे उघडले तेव्हा अराली नाचणीचा गोळा मोडून डाळीत बुडवत होते.

"म्हणजे बिळातलं पाणी तुमच्या झऱ्यात जातं?"

"हो, बाबा."

"आणि आमचा झरा स्वच्छ?"

"अगदी! पुरावा... म्हणजे, सगळे पुरावे इथंच बसलेत."

अरालींनी घास संपवला, बोटं चाटली. "मी दिलेला शब्द फिरवत नाही. लग्न शनिवारीच. पण ज्या गावच्या पाण्याचा भरवसा नाही, तिथं माझी मुलगी नांदणार नाही. तू इकडे राहायला ये."

म्हणजे घरजावई! मी काकांकडे बघितलं, तर काका छताकडे. काबासिंगुझीकडे बघितलं, तर ती खुशाल मान डोलावत होती.

तर आता मी न्यामिरिमात असतो. खोटं कशाला बोलू, सुखात आहे. बायको गोड आहे, आत्या डाळ फक्कड करते, सकाळी झऱ्यावरून डबे भरून आणायचं काम तेवढं माझ्याकडे. आमच्या पोपटी पुराव्यापुढे बाजारवाल्यांनी हात टेकले. संडासासाठी त्यांनी माथ्याच्या पलीकडची दुसरी जागा काढली, आणि तिथलं पाणी कुठं निघतं ते शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. या वेळी मी हयगय केली नाही. परवा पूड टाकली, तीही मोजून, आणि आसपासच्या प्रत्येक झऱ्यात पुरचुंडी बांधली. फक्त आमच्या दारचा झरा सोडला. तिथं पाणी येणं शक्यच नाही, असं मी काल जेवताना सासऱ्यांना छातीठोक सांगितलंय.

आत्ताच केळीच्या बागेतून जाऊन आलो.

सासरे अजून उठायचे आहेत.