फडताळातलं गाव

“भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही! सांगून ठेवतो!”

घरमालकाचा हा आवाज स्वयंभूने लहानपणी दाराआडून ऐकला होता. त्याच्या हातात कॅलेंडर, वडिलांच्या हातात हातोडी आणि भिंत परक्याची! पुढे ते घर सुटलं, घरमालकही यथावकाश देवाघरी गेला, पण ते वाक्य मात्र स्वयंभूच्या कानात एक पैसा भाडं न देता राहिलं.

स्वयंभू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दुसऱ्याचं पेनसुद्धा उसनं घ्यायचा नाही, म्हणून ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. पण नाव असं चिकटलं की बायकोही रागावली की त्याच नावाने हाक मारी. एक दिवस या स्वयंभूने सॉफ्टवेअरची बरी चाललेली नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं,

“सोशल मीडियावर आपण सगळे भाडेकरू आहोत भाडेकरू! आज भिंतीवर फोटो लावलात, उद्या कंपनी म्हणेल काढा! मी असं सॉफ्टवेअर लिहिणार की ज्याचा त्याचा सर्व्हर, ज्याचं त्याचं गाव! गावं एकमेकांना जोडलेली, वेशीवरून वेशीवर गप्पा, आणि मालक कोणीच नाही!”

“पगार देणाराही कोणीच नाही,” बायको म्हणाली. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्याला दम भरायची सवय, त्यामुळे घरात हळू बोलली तरी कपबशा हलत. “हे बघ, एक वर्ष देते. वर्षाअखेर घराबाहेरचं एक तरी माणूस तुझ्या गावात राहायला आलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मुकाट्याने ऑफिस. साहेबांनी खुर्ची धरून ठेवलीय.”

“एक? अगं, रांग लागेल रांग!”

कोपऱ्यात वडील बसले होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत बोलणार कोणाशी? ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ते म्हणाले, “हं.” त्यांच्या मानाने ते भाषणच झालं.

जुना लॅपटॉप फडताळात, इस्त्री आणि टॉवेलांच्या मधे, कायमचा विराजमान झाला. त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकी. हेच ते गाव! पहिले काही महिने गावात स्वयंभू एकटाच. सकाळी “नमस्कार मंडळी!” लिहायचा, आणि बटण चालतंय का हे बघायला स्वतःच स्वतःला अंगठा द्यायचा. बटण उत्तम चाले.

आणि एके दिवशी गावात माणूस आलं! ‘निवृत्त बागवान’ असं नाव. मागोमाग ‘शिंपीणकाकू’ आल्या. मग ‘एकटा प्रवासी’ आला, ‘भूगोलाच्या बाई’ आल्या, दोघंतिघं आणखी आली. स्वयंभूचे पाय जमिनीवर ठरेनात! बागवान तर मोठा रसाळ माणूस. गुलाबाची छाटणी, मातीचा वास, म्हातारपणची झोप. लिहायला लागला की नदीला पूर! एकदा तो म्हणाला, सून चहात साखर फार कमी घालते. शिंपीणकाकूंनी तत्काळ उत्तर दिलं, ‘तुमच्या प्रकृतीसाठीच घालत असेल हो बिचारी!’ स्वयंभूने मन मोकळं करून बागवानाला लिहिलं, ‘माझे बाबा माझ्याशी बोलतच नाहीत.’ बागवानाने उलट लिहिलं, ‘तुम्ही बोलताना मधे श्वास घेता का?’

कोण कुठून येतं, हे स्वयंभूने कधी पाहिलं नाही. त्याचा नियमच होता, पाहुण्यांच्या चपला मोजायच्या नाहीत! त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी नोंदच होत नसे.

वर्ष संपत आलं आणि दाढीवाल्या मित्राचा फोन आला. त्याचं गाव मोठं, हजारो वस्तीचं. “तुझं गाव माझ्या गावाला जोडतो,” तो म्हणाला. “पण हल्ली खोटी खाती फार झालीत. तोतये नाहीत ना, एवढं तपासून घे.”

“माझ्याकडे तोतये? एकेक माणूस बावनकशी आहे!”

तरी मित्राची अट म्हणजे अट. एवढ्या एका तपासणीपुरती चपला न मोजण्याच्या नियमाला मुरड घालून स्वयंभूने तोतये हुडकणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं पहारेकरी. दुपारी तो चालू केला. पहारेकऱ्याने गावभर फेरी मारली आणि पडद्यावर लिहिलं, ‘सर्व रहिवासी एकाच दारातून येतात. दार तुमचंच आहे.’ तेवढं करून थांबला असता तर बरं! पण स्वयंभूला पारदर्शकतेचा भारी सोस. असा निष्कर्ष जोडू पाहणाऱ्या गावांना आपोआप कळवायचा, असं त्यानेच लिहून ठेवलेलं. पहारेकऱ्याने कळवलं!

“अरे, तुझ्याकडे सगळेच तोतये?” दाढीवाला फोनवर ओरडला.

“कोण म्हणतं?”

“तुझाच पहारेकरी!”

“तो नवीन आहे रे!”

“मला काही सांगू नकोस. रविवारी येतो. एक तरी हाडामांसाचं माणूस समोर दाखव. नाहीतर जोडणी विसर!”

स्वयंभूने डोकं चालवलं. माणसं खरी आहेत, हे तर उघड होतं. ती आपल्या घरच्या इंटरनेटवरून येतायत, हेही सिद्ध झालं. याचा अर्थ एकच. शेजारीपाजारी आपलं इंटरनेट चोरतायत! तो तडक खाली गेला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची घंटी वाजवली.

“डॉक्टर, खरं सांगा, शिंपीणकाकू तुम्हीच ना?”

“मी? शिंपीण?”

“लाजू नका! आमच्या इंटरनेटवर बसून लिहिता, माझी हरकत नाही. फक्त रविवारी वर या आणि कबूल करा.”

“म्हणजे मी चोर?” बाईंच्या हातात दात उपटायचा चिमटा होता. तो जरा वर आला. “माझं इंटरनेट तुमच्या दुप्पट वेगाचं आहे हो! निघा!”

स्वयंभू जिने चढून आला तो पेटूनच. त्याने इंटरनेटचा पासवर्ड बदलला. आणि काय आश्चर्य! गाव चिडीचूप. बागवान गप्प, काकू गप्प, प्रवासी बेपत्ता. स्वयंभू दर मिनिटाला पडदा बघू लागला. चोर का असेनात, आपली माणसं होती ती!

संध्याकाळी बायको म्हणाली, “अरे, पासवर्ड बदललास? सांग ना. तलावाचं वेळापत्रक बघायचंय.” त्याने सांगितला. मग वडील आले. फोन पुढे केला. “पासवर्ड.” तोही सांगितला. दहा मिनिटांत गाव पुन्हा गजबजलं! बागवानाने तर उशिराबद्दल क्षमा मागून आंब्याच्या कोयीवर निबंध लिहिला.

“बघ!” स्वयंभू बायकोला म्हणाला. “दहा मिनिटांत फोडला पासवर्ड! काय पोचलेले चोर आहेत!”

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती पाण्याबाहेर हातपाय मारणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघते.

त्याने गावात दवंडी पिटली, ‘रविवारी सकाळी सर्वांनी घरी यावे. प्रश्न माझ्या अस्तित्वाचा आहे.’ उत्तरं आली. काकूंचा पाय मुरगळला होता. बाईंच्या परीक्षा होत्या. प्रवासी, अर्थातच, प्रवासात होता. बागवान तेवढा काही बोलला नाही.

रविवार उजाडला. खुर्च्या मांडल्या. दाढीवाला आला आणि एकीवर बसला. बाकीच्या खुर्च्या रिकाम्याच. भिंतीवरचं घड्याळ सोडून कोणी हालेना. वडील उठले आणि चपला घालून बाहेर गेले.

“आत्ताच फिरायला जायचं होतं का यांना!” स्वयंभू पुटपुटला.

तेवढ्यात घंटी वाजली. स्वयंभू धावला. दारात वडील!

“बाबा, किल्ली विसरलात?”

“नाही,” वडील म्हणाले. “निवृत्त बागवान. आत येऊ?”

स्वयंभूने आधी वडिलांकडे पाहिलं, मग बाल्कनीतल्या एकुलत्या एका कुंडीकडे. तिच्यातलं रोप वडिलांच्याच हातून वाळलं होतं.

“म्हणजे साखरेची तक्रार तुमची?” बायको किंचाळली. कपबशा हलल्या.

“म्हणजे प्रकृतीचं तू लिहिलंस?” वडील दचकले.

“शिंपीणकाकू तू?” स्वयंभूचा आवाज चिरकला. “मग बाई? प्रवासी?”

“सगळे मीच,” ती म्हणाली. “काय करणार होते? रोज नमस्कार लिहायचास आणि स्वतःलाच अंगठा द्यायचास. बघवेना रे! बाबांचं मात्र मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बागवान तरी खरा आहे!”

“मला वाटलं, काकू खऱ्या,” वडील म्हणाले.

दाढीवाल्याने दाढी कुरवाळली. “पहारेकरी चांगला लिहिलायस,” तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत स्वयंभूला एवढं लागेलसं तो कधी बोलला नव्हता.

स्वयंभू रिकाम्या खुर्चीत बसला. “उद्या साहेबांना फोन करतो,” तो म्हणाला. “शर्त म्हणजे शर्त. बाहेरचं एकही माणूस नाही.”

कोणी काही बोलणार, तोच उघड्या दारातून डॉक्टरीणबाई आत! “इथे लिहिलं की चार गावांत पोचतं म्हणे? मला चोर म्हणालात, हे चारचौघांना कळलंच पाहिजे! कुठे लिहायचं? माझ्या इंटरनेटवरून लिहीन, इथवर पोचतं ते!”

“या, बसा ना!” दाढीवाला खुर्ची ओढत म्हणाला. “आधी खातं उघडायचं!”

बाईंनी खातं उघडलं आणि उभ्याउभ्या स्वयंभूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फडताळातला पंखा धापा टाकू लागला. पहारेकऱ्याने लिहिलं, ‘नवीन रहिवासी. दार परकं आहे. माणूस खरं.’

“जोडतो गाव!” दाढीवाला म्हणाला.

“खुर्ची सोडायला सांग साहेबांना,” बायको म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली. बाई लिहीतच होत्या.

स्वयंभू वडिलांजवळ जाऊन बसला. या वेळी त्याने मधे श्वास घेतला. “बाबा, एवढं लिहायचात. समोर का नाही कधी बोललात?”

वडिलांनी घसा साफ केला.

“सांगायचं होतं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून जिभेवर होतं. पण तुझा हुरूप बघितला, आणि धीर होईना.”

“सांगा ना, बाबा.”

“तुझ्या गावातलं अक्षर फार बारीक आहे रे.”