डब्यावरचा कुत्रा

नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका गावात एका पंजाबी ट्रकमधून तो कुत्रा उतरला. ट्रक निघून गेला, कुत्रा राहिला. त्याला घरी न्यायचं की नाही, एवढंच वामनरावांना ठरवायचं होतं. सरकारी मंडळ ऑफिसातला हा कारकून साध्या अर्जावर शेरा मारायला आठवडा लावायचा, पण नको तो निर्णय जागच्या जागी घ्यायचा.

"अवो, हे काय आणलं? अस्वल?" रेणुकाबाईंनी दारातच विचारलं.

प्रश्न वावगा नव्हता. कुत्र्याच्या अंगावर इतके केस होते, की तोंड कोणत्या बाजूला आहे हे तो भुंकल्यावरच कळायचं. डोळे असावेत, पण दिसत नव्हते. वामनराव आत गेले आणि शेवयांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. कोणे एके काळी त्यात बिस्किटं आली होती. झाकणावर हिरवं कुरण, मेंढ्या आणि त्यांना राखणारा एक झिपऱ्या विलायती कुत्रा होता. वामनरावांनी झाकण कुत्र्याशेजारी धरलं.

"पाहून घे. डोळ्यावर केस, तसेच. पंजे जाड, तसेच. चाल डुलत डुलत, तशीच. ही विलायतेतली मेंढरं वळणारी जात हाय."

"डब्यावर तर तो उभा हाय. चाल कुठं दिसली तुमाले?"

वामनरावांनी झाकण पुन्हा डब्यावर घट्ट बसवलं.

रूप जुळलं, राहिला स्वभाव. जॅकनं (हे नाव वामनरावांचं, रेणुकाबाई शेवटपर्यंत अस्वलच म्हणाल्या) आल्या दिवशीच अंगणातल्या कोंबड्यांभोवती फेऱ्या मारून त्या सगळ्या न्हाणीच्या कोपऱ्यात गोळा केल्या. एकीलाही दात लावला नाही. मग शेजारची वासरं झाली. मग वामनरावांची पाळी आली. ऑफिस सुटलं की ते पानठेल्याकडे वळायचे. जॅक मागून यायचा, टाचेला हलकेच तोंड लावायचा आणि त्यांना सरळ घरी आणून सोडायचा.

"मालकावर जीव हाय त्याचा," वामनराव गावभर सांगत सुटले. नवरा दिवेलागणीच्या आत घरी येऊ लागला होता, आणि त्याचं श्रेय अस्वलाला द्यायला रेणुकाबाईंची हरकत नव्हती.

वामनरावांना गावात एकच दुःख होतं. त्यांच्याकडे बैल नव्हते. कापूस-ज्वारीच्या गावात बिनबैलाच्या माणसाचं मत कोणी विचारत नाही. त्यांना वाटे, एकदा तरी पाटील अमृतरावांनी भर ओट्यावर आपल्याला मानावं. त्यासाठी त्यांची सगळी भिस्त आता जॅकवर होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अमृतरावांच्या गोठ्यात बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकणं चाललं होतं. शेकून झालं की मालक आपल्या बैलाला सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी त्या बैलाला पुरणपोळी चारल्याशिवाय घरचा माणूस तोंडात घास घालत नाही. ओट्यावर बसून वामनराव जॅकचे गुण गात होते.

"पाटील, विलायतेत असं एकटं कुत्रं अख्खा कळप घरी आणते."

"मेंढरं आणत असन," अमृतराव म्हणाले. "हे बैल हायत. अन् बैलातलं तुमाले काय समजते? तुमच्या दारात एक शिंग तरी हाय का?"

सगळा ओटा हसला. वामनरावांचे कान तापले. ते उठले, गोठ्याकडे तोंड केलं आणि खड्या आवाजात म्हणाले, "गावातल्या समद्या बैलाईनो, आज आवतण घ्या, उद्या माह्या घरी जेवाले या. माहा जॅक आणते तुमाले."

आवतण फुकटचं होतं. बैल ज्याखाली उभे करतात ते पोळ्याचं तोरण तुटलं की जो तो बैल आपापल्या घरी जातो, हे वामनरावांना पक्कं माहीत होतं. जॅकला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झुली-बाशिंगं घातलेल्या जोड्या उभ्या राहिल्या. झडत्यांची गाणी म्हणून झाली, तोरण तुटलं, आणि कुण्या उत्साही माणसानं फटाक्यांची लड लावली. बैल बिथरले, कासरे सुटले, आणि बैल मैदानभर विखुरले. हे नुसतं पाहत राहणं जॅकच्या स्वभावातच नव्हतं. तो केसांचा गोळा मैदानाला वळसे घालू लागला. इकडून दाब, तिकडून दाब, मागे राहिलेल्याच्या खुराशी तोंड. बघता बघता सगळे बैल एक झाले आणि रस्त्याला लागले. गावात जॅकला एकच घर माहीत होतं.

"पाहून घ्या, पाटील," वामनराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच ते छाती काढून चालत होते, आणि अमृतरावांचं तोंड खरोखर उघडं राहिलं होतं.

अंगणात पोचेपर्यंत छाती जागेवर आली. एका बैलाची शिंगं दोरीवरच्या लुगड्यात होती, एकानं दारावरची आंब्याची पानं खाल्ली होती. दारात रेणुकाबाई उभ्या होत्या. त्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या त्या घरच्यापुरत्या.

"वहिनी, आवतण देल्लं हाय भाऊनं," अमृतराव अदबीनं म्हणाले. "समद्या बैलाईले. आमी आपल्या कानानं आयकलं."

रेणुकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन नको. पण दारात आलेल्या बैलाला परत पाठवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि सुरुवात केली. खुरावर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पोळी, की पुढचा बैल. आधी अख्खी पोळी, मग अर्धी, मग चतकोर.

वामनरावांना पानठेल्याची तीव्र आठवण झाली. ते गपचूप कडुनिंबापर्यंत पोचले. तेवढ्यात टाचेला ओलं नाक लागलं. ते डावीकडे वळले, जॅक डावीकडे. ते उजवीकडे वळले, जॅक उजवीकडे. शेवटी त्यानं त्यांना ढकलत आणून अमृतरावांच्या जोडीशेजारी नीट रांगेत उभं केलं.

रेणुकाबाई खाली मान घालून ओळीनं कुंकू लावत येत होत्या. घामानं डोळे चुरचुरत होते. त्यांनी पुढच्या कपाळाला अंगठा टेकवला आणि वर पाहिलं. समोर नवरा होता.

अंगण हसून हसून खाली बसायचं बाकी राहिलं.

"भाऊ, आमी हरलो," अमृतराव डोळे पुसत म्हणाले. "तुमचं कुत्रं अस्सल हाय. जनावर बरोबर ओळखते."

पाटलांनी भर गावात मानलं, ते असं. वामनराव कपाळाचं कुंकू घेऊन तसेच उभे राहिले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"अवं," ते हळूच म्हणाले, "एखादी पोळी तरी देशीन का?"

रेणुकाबाईंनी रिकामं ताट उपडं करून दाखवलं.

"सरल्या," त्या म्हणाल्या. "अन् पोळी कामाच्या बैलाले असते."