स्वयंपाकघरात उतरण्याची परवानगी

"सर, पायलटनं तुमचं ऐकलंच नाही, तर तुम्ही वरच्या वर त्याचे कान कसे पकडता?"

मैत्रिणी उर्वशी आणि मितालीनं पैज लावली होती, म्हणून गुंजननं हा प्रश्न अख्ख्या दहावीसमोर विचारला. यवतमाळच्या त्या शाळेत बोलायला आलेले हरिसिंग सर विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या विमानतळाच्या टॉवरमधून निवृत्त झालेले. ते हसले नाहीत.

"ती वेळच येत नाही, बेटा. गर्दीच्या विमानतळाभोवतीचं आभाळ आमच्या ताब्यात. परवानगीबिगर कोणी आत शिरत नाही. बाहेरच घिरट्या घालते."

गुंजनला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं घरी जाहीर केलं, "आजपासून स्वयंपाकघर कंट्रोलमध्ये. मले विचारल्याबिगर कोणी आत यायचं नाही."

"पोरीचं डोकं फिरलं," आई, म्हणजे रत्नप्रभाबाई, म्हणाल्या. बाबा नीळकंठराव मात्र खूश झाले. सव्वीस वर्षं सरकारी कार्यालयात काढलेल्या माणसाला घरात पहिल्यांदाच कोणीतरी नियम दिला होता.

ओट्यावर गॅसशेजारी शाळेचा फॉर्म पडला होता. दहावीनंतर काय, या रकान्यात बाबांनी वळणदार अक्षरात 'वाणिज्य' लिहून ठेवलं होतं. गुंजनला विज्ञान हवं होतं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळानं नळ आला आणि आई बादल्या घेऊन अंगणात धावली. गुंजन न्हाणीत, डोक्याला शाम्पू. गॅसवर दूध. बाबा उंबऱ्याशी.

"गुंजन, आत येऊ काय?"

बाबांनी बैठकीत एक घिरटी घातली.

"दूध चढून राह्यलं! येऊ काय?"

दुसरी घिरटी. तिसरीला दूध उतू गेलं, गॅस विझला आणि फॉर्म पोहू लागला.

आईनं येऊन आधी गॅसचं बटण फिरवलं. "अहो, नुसते उभे कायले?"

"परवानगी नव्हती."

"बाबा!" गुंजन टॉवेल गुंडाळत धावत आली. "संकटात पायलट आधी जीव वाचवते, मग विचारते!"

"मग तसं आधी सांगा लागते न. मले काय मालूम?"

आईनं फॉर्म दोन बोटांनी उचलला. 'वाणिज्य' सायीत विरघळलं होतं. "आज बारापर्यंत द्यायचा होता हा."

"शाळेत कोरा मिळते. मी भरून देतो," म्हणत बाबा पेन शोधू लागले.

गुंजनच्या डोळ्यांत शाम्पू जात होता, तरी तिनं ते मिटले नाहीत.

"कोरा फॉर्म मीच भरणार. विज्ञान लिहिणार, गणित घेऊन. मले टॉवरमध्ये बसायचं आहे. आणि आईबाबा, हे मी तुमाले सांगून राह्यली, विचारून नाही."